कुंदनचा गहू

साहेब, तुम्ही खोटं बोललात. तेही स्वतःच्या तोंडानं नाही, माझ्या तोंडानं. मला धुळ्याला बोलावून, एसी हॉलमध्ये बसवून ते खोटं तुम्ही माझ्याकडून पाठ करून घेतलंत आणि मला जळगावच्या कारखान्यात परत सोडलंत. आणि आता नोटीस मलाच. सोमवारची पहिली पाळी बंद का राहिली आणि वरिष्ठांचा अवमान का झाला, याचा खुलासा करावा म्हणे. करतो. तुमचं नाव लिहीत नाही, कारण तुम्हीही कधी कशाखाली नाव लिहीत नाही. पण हा खुलासा मी तुमच्या एकट्यापुरता ठेवणार नाही. म्हणून ज्यांना आमच्यातलं काही ठाऊक नाही, त्यांनाही कळेल अशा बेतानं सांगतो.

आम्ही प्लास्टिकच्या चटया विणतो. मी योगेंद्र, पहिल्या पाळीचा मॅनेजर. मॅनेजर व्हायच्या आधी मी लूमवर, म्हणजे विणायच्या यंत्रावरच होतो, त्यामुळे कुठला लूम कधी रुसतो हे मला कळतं. माणसं कधी रुसतात हेही बऱ्यापैकी कळत होतं. तुमच्या मते ते पुरेसं नव्हतं. म्हणून पारोळ्याच्या रस्त्यानं एसटीत उभं राहून मी धुळ्याला गेलो आणि नेतृत्व शिकून आलो.

शिकवणारा माणूस पुण्याचा होता आणि टाय बांधून घामाघूम झाला होता. त्यानं सांगितलं, साहेब बनू नका, नेते बना. माणूस बोलत असेल तर त्याच्या डोळ्यांत बघत ऐका. रोज सकाळी दहा मिनिटं मोकळी सभा घ्या, कंपनी म्हणजे कुटुंब हे वाक्य सगळ्यांकडून म्हणून घ्या. वाईट बातमी द्यायची असेल तर आधी कौतुक, मग बातमी, मग पुन्हा कौतुक, सँडविचसारखं. तुम्ही मागच्या खुर्चीत बसून मान हलवत होतात. मी बघितलं होतं.

मी प्रामाणिक माणूस आहे, हाच माझा दोष. परत आल्यावर मी दुसऱ्याच दिवशी डोळ्यांत बघायला सुरुवात केली. पॅकिंगमधल्या भिकुबाई मला सुतळी संपली असं सांगत होत्या. सुतळीसारख्या विषयावर मी इतकं टक लावून ऐकलं, की त्या बोलायच्या थांबल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, डोळामा कचरा गया का?" मग त्यांनी सगळ्या पॅकिंगसमोर माझ्या डोळ्यांत फुंकर मारली. नेतृत्वाचा पहिला दिवस असा गेला.

सभा मात्र मी नेटानं घेतली. म्हटलं, मनात असेल ते बोला, बोलणाऱ्याचं काही वाकडं होणार नाही, हा माझा शब्द. बरेच दिवस कुणी काही बोललं नाही. आमच्याकडे मॅनेजरनं बोला म्हटलं की लोक आधी दाराकडे बघतात. शेवटी कुंदन बोलला. कुंदन म्हणजे मधल्या लूमवरचा, एरंडोलकडचा, मान खाली घालून काम करणारा. तो म्हणाला, प्लास्टिक वितळताना होणारा धूर ओढायचा छताजवळचा पंखा उन्हाळ्यापासून बंद आहे, बायांची डोकी दुखतात. प्रशिक्षणात सांगितल्याप्रमाणे मी टाळ्या वाजवल्या. लोकांनीही वाजवल्या. मी ती गोष्ट कुंदनच्या नावासकट तुम्हाला मोबाइलवर पाठवली. आमच्याकडची माणसं आता मोकळी बोलू लागली, असं अभिमानानं लिहिलं. तुम्ही अंगठा पाठवलात. पंखा बंदच राहिला.

आता मुख्य उद्योग. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघर आमची देवी कानबाई बसते आणि सोमवारी वाजतगाजत तिचं विसर्जन होतं. त्या सोमवारी आमच्या कारखान्यात लूम असतात, वीज असते, माणूस नसतो. दरवर्षी तुम्ही मला फोनवर सोलून काढता. यंदा मला वाटलं, आपण शिकून आलोय, युक्ती करू. सकाळच्या सभेत मी उभा राहिलो आणि म्हणालो, "आपण एक कुटुंब आहोत ना? मग यंदा कारखान्यातच कानबाई बसवू." माझा हिशोब सरळ होता. देवी इथं म्हटल्यावर माणसं इथं. घरची पूजा घरचे बघतील, सोमवारी सकाळी कँटीनमागच्या टाकीत विसर्जन उरकू आणि माणसं तिथूनच लूमवर जातील.

हे मी चार भिंतींत, स्वतःशी बोललो असतो तर चाललं असतं. मी चार माणसांत बोललो. खानदेशात जन्मून मला एवढं कळू नये? कानबाई बसवतो असं चारचौघांत तोंडातून गेलं, की तो विचार राहत नाही, कबुली होते. मी घरी येईपर्यंत बातमी माझ्याआधी मेहरूणला, आमच्या वस्तीत पोचली होती.

बायको, नूतन, दारातच म्हणाली, "अहो, कानबाई म्हणजे काय वाढदिवसाचा केक आहे, वाटेल तिथं कापायला?" शेजारचे शालिग्राम नाना पंचायत समितीतून निवृत्त झालेले. त्यांनी सल्ला दिला की वरून लेखी घे, तोंडी परवानगीवर मी आयुष्यात चहासुद्धा प्यायलो नाही. वरच्या मजल्यावरच्या प्रमिलाबाईंनी खरा खिळा ठोकला. त्यांनी विचारलं, "ते सगळं ठीक आहे. पण रोट कुणाचा?"

रोट म्हणजे कानबाईच्या नैवेद्याचं धान्य. घरातल्या माणसागणिक सव्वा मूठ गहू मोजून घ्यायचा, एकत्र दळायचा, त्याच्याच पुऱ्या-पोळ्या करायच्या आणि त्या फक्त भाऊबंदांनी खायच्या. बाहेरच्याला त्यातला तुकडाही देत नाहीत, तो कितीही मोठा असो. लग्न होऊन गेलेल्या पोरीलासुद्धा देत नाहीत. आता सांगा, आमच्या पाळीत दहा गावची, दहा कुळांची माणसं. त्यांचा एक रोट कसा व्हायचा? मी सभेत म्हणालो की आपण नुसतं प्रतीकात्मक करू. भिकुबाई म्हणाल्या, देवीला प्रतीकात्मक भूक लागत नाही.

भिकुबाईंबद्दल दोन वाक्यं सांगायला हवीत, नाहीतर पुढचं कळणार नाही. नवरा वारल्यावर गावाकडच्या दिरांनी वाटणीचं भांडण काढलं आणि एका श्रावणात यांच्या घराचा गहू मोजलाच नाही. झालं, भाऊबंदकी संपली. कुणी शिवी दिली नाही, कुणी हाकललं नाही. फक्त मूठ भरली नाही. तेव्हापासून त्यांना कानबाईचा रोट मिळालेला नव्हता. म्हणून त्या या कामात अशा उतरल्या की मला माघार घ्यायला जागाच उरली नाही. रोटाचा निकाल त्यांनीच दिला: "घरनी गोट येगळी. आठे जो घाम गाळस, तो भाऊबंद. बठ्ठासना गहू मोजा." म्हणजे इथं घाम गाळणारा प्रत्येक जण भाऊबंद, सगळ्यांचा गहू मोजायचा. पुरुषांचाच मोजायचा का, असं प्रेमराज नावाच्या आमच्या लूमवाल्यानं विचारून बघितलं. पॅकिंगच्या बायांनी त्याच्याकडे ज्या नजरेनं बघितलं, ती नजर कुठल्या प्रशिक्षणात शिकवत नाहीत.

मग परवानग्या. तुमच्या धुळ्याच्या ऑफिसनं विचारलं, प्लास्टिकच्या दाण्याच्या गोदामापासून समई किती लांब? समई जळत असताना जबाबदार अधिकारी कोण? मी उत्तर दिलं, देवी. ते शेरा मारून परत आलं. देवी पगारपत्रकावर नाही. शेवटी समईशेजारी आग विझवायचं लाल नळकांडं ठेवायचं ठरलं आणि भिकुबाईंनी त्यालाही हळदकुंकू लावलं. गेटवर अभिमन. तो पहारेकरी नियमाचा इतका पक्का, की माझ्या सासऱ्यांनाही त्यानं ओळखपत्राशिवाय आत सोडलं नव्हतं. कानबाईचा नारळ, कलश, मुखवटा घेऊन बाया आल्या तर यानं वही उघडली. येणाऱ्याचं नाव काय? कानबाई. कुणाला भेटायचं? बठ्ठासले. परत जायची वेळ? सोमवार सकाळ. पत्त्याच्या रकान्यात काय लिहावं यावर तो अडला, आणि बाया उन्हात उभ्या राहून त्याच्यावर गाणं रचून म्हणू लागल्या. मी जाऊन त्या रकान्यात 'खानदेश' लिहिलं तेव्हा कुठं देवी आत आली.

शनिवारी कँटीनमध्ये गहू मोजायला बसलो. भिकुबाई नाव घ्यायच्या, ज्याचं नाव तो पुढं यायचा, त्याच्यासाठी सव्वा मूठ सुपात पडायची. माझीही पडली. खोटं कशाला बोलू, ती कुठं पडली ते मी वाकून बघितलं. कुंदनची पडली आणि तेवढ्यात तुमचा फोन आला.

मी बाहेर जाऊन उचलला. तुम्ही आधी माझं कौतुक केलंत. आमच्या उपक्रमाची वरपर्यंत चर्चा आहे, तुम्ही स्वतः रविवारी फोटोला येताय, वगैरे. मग म्हणालात, प्रत्येक पाळीतून एक माणूस कमी करायचाय, तुमच्याकडचा तो पंखावाला आहे ना, तोच. अशी माणसं वातावरण बिघडवतात. सोमवारपासून नको. मग पुन्हा माझं कौतुक केलंत. फोन ठेवल्यावर मला कळलं की मला सँडविच खाऊ घातलंय.

मी म्हणालो होतो की कारण काय लिहू. तुम्ही म्हणालात, लिहायचं कशाला, तुम्ही नेते आहात, बोलून हाताळा. मी म्हणालो, त्याला बोल म्हणून मीच सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, मग आता गप्प बसवायचंही तुम्हीच बघा.

दुपारी मी कुंदनला केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं, पाणी दिलं, डोळ्यांत बघितलं. पहिला थर सुरू केला. म्हटलं, तुझ्या हाताला सफाई आहे, तुझा लूम कधी अडत नाही, नव्या माणसांना तू शिकवतोस. तो लाजला. त्याला आजवर कुणी काही चांगलं म्हटलेलं नसावं, कारण तो खुर्चीच्या टोकावर आला आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं की मला मधला थर लावताच येईना. मी कौतुकच वाढवत नेलं. घाबरलेला माणूस किती कौतुक करू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं. मी त्याच्या गावाचं केलं, त्याच्या आईच्या संस्कारांचं केलं, त्याच्या मोटारसायकलचंसुद्धा केलं. शेवटी म्हटलं, सोमवारपासून तुझ्या बाबतीत एक बदल होणार आहे. आणि पुढचं वाक्य सोडून मी त्याला आणखी पाणी ओतलं. तो उठला, माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "भाऊ, तुम्ही बोलनात तेच लई शे. बाकी बठ्ठं मी समजी गऊ." काय समजला, हे विचारायचं धैर्य मला झालं नाही.

अर्ध्या तासात हॉलभर झालं की कुंदन लाइनचा मुख्य होणार. प्रेमराजनं त्याला खांद्यावर घेतलं. कुंदननं तिथूनच बायकोला फोन लावला. मी काचेतून बघत होतो. हा प्रकार मी घरी सांगितला तेव्हा नूतन भाजी निवडायची थांबली आणि म्हणाली, "तुम्ही आत्ताच्या आत्ता त्याच्या खोलीवर जा." शालिग्राम नाना म्हणाले, जाऊ नको, लेखी आदेश नाही म्हणजे काढलेलंच नाही. मला नानांचा सल्ला आवडला, कारण त्यात काही करायचं नव्हतं.

रविवार. कँटीनमध्ये केळीचे खांब लागले होते, चौरंगावर कानबाई बसली होती, नाकात नथ, गळ्यात बायांनी आपापल्या गळ्यातलं काढून घातलेलं. कुंदन नवा शर्ट घालून आला होता. बरोबर त्याची बायको, कामिनी. ती मला येऊन म्हणाली, भाऊ, यांच्यावर तुमची माया आहे, आम्ही विसरणार नाही. मी त्या क्षणी जेवढा घामेजलो तेवढा टायवाला माणूससुद्धा घामेजला नव्हता. एका कोपऱ्यात नेऊन कुंदनला खरं सांगायचं म्हणून मी दोनदा उठलो आणि दोन्ही वेळा कुणीतरी माझ्या हातात पुऱ्यांचं ताट दिलं.

पंगत बसली. तेवढ्यात तुम्ही आलात. बरोबर फोटोवाला. तुम्हाला खुर्ची दिली, नारळाची वाटी दिली, केळं दिलं. तुम्ही म्हणालात, हे काय, मला रोट द्या, एक घास, कामगारांबरोबर जमिनीवर बसून, तसा फोटो पाहिजे. मी कानाशी लागून सांगितलं की साहेब, मोजून दळलेला आहे, ज्याचा गहू त्यालाच. तुम्ही मोठ्यानं हसलात. "अरे, आपण एक कुटुंब ना?"

भिकुबाई पुढं आल्या. अदबीनंच म्हणाल्या, साहेब, तुमच्या नावाची मूठ नाही पडली, पुढच्या साली घालू. तुम्हाला ते लागलं. मी बघितलं तुमचं तोंड. फोटोवाला कॅमेरा धरून उभा होता. आणि तुम्ही, अगदी सोपा हिशोब सांगावा तसं म्हणालात:

"मग कुंदनचा द्या मला. तो तर उद्यापासून नाहीच आहे. योगेंद्र, सांगितलंत ना त्याला?"

साहेब, तुम्हाला आठवत असेल की नाही माहीत नाही, पण कँटीनमध्ये पुरी तळायचा आवाज होता, तोही थांबला. पुऱ्या तळणाऱ्या सुंदरबाईंनी गॅस बंद केला होता. कामिनी कुंदनच्या मागं वाढायला उभी होती. कुंदननं पहिला घास मोडलेला, तो त्याच्या हातातच राहिला. त्यानं तुमच्याकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं.

"भाऊ," तो म्हणाला, "मग काल ते कौतुक कसाले करं?"

तो घास ताटात ठेवून उठायला लागला. तेव्हा भिकुबाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली दाबलं.

"बस. जेव," त्या म्हणाल्या. मग तुमच्याकडे वळल्या. "साहेब, जित्या मानूसना गहू काढतस नही. मना काढेल शे. माले माहीत शे ते कसं ऱ्हास."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. सगळ्या पंगतीनं बघितलं. आता नेत्यानं परिस्थिती हाताळायची होती. मी तोंड उघडलं तेव्हा डोक्यात पहिला थर नव्हता, दुसरा नव्हता, काहीच नव्हतं. मी एवढंच म्हणालो, "साहेब, त्याचं ताट वाढलेलं आहे." बस्स. यालाच तुम्ही नोटिशीत अवमान म्हटलंय. तुम्ही केळं खुर्चीवर ठेवून निघून गेलात. फोटोवाल्यानं जाता जाता लाल नळकांड्याचा फोटो काढला.

सोमवारचं सांगतो. टाकीत विसर्जन करायचं ठरलं होतं. भिकुबाई म्हणाल्या, ज्या घरात माणसाचा गहू मागतात त्या घरच्या टाकीत देवी जाणार नाही, तलावावर जाईल. मेहरूणचा तलाव. गेटवर अभिमननं अडवलं. माल बाहेर जातोय, पास पाहिजे. परतीचा की बिनपरतीचा? मी परतीचा लिहिला, कारण विसर्जनानंतर कानबाईचा नारळ परत आणतात. माणसांसाठीही पास पाहिजे, तो म्हणाला. मी प्रत्येकाचा पास फाडला, कारणाच्या जागी 'कामानिमित्त' लिहिलं आणि खाली सही केली. स्वच्छ, पूर्ण नावाची. कामिनीनं कानबाई डोक्यावर घेतली होती, कुंदन पुढं, वाजंत्री मागं. तर पाळी बंद का राहिली? माझ्या सहीनं बंद राहिली. हा झाला तुमच्या नोटिशीचा खुलासा. जे करायचं ते करा.

आता माझं.

मंगळवारी कुंदन कामावर आला. गेटवरच्या यंत्रानं त्याचा अंगठा घेतला नाही. त्यानं शर्टाला पुसून पुन्हा लावला. पुन्हा नाही. धुळ्याला बसून कुणीतरी त्याचं नाव यंत्रातून पुसलंय, पण ते कुणी, हे तुमच्या ऑफिसात कुणालाच माहीत नाही. त्याच्या हातात कागद नाही, माझ्या हातात नाही. अंगठ्याशिवाय अभिमन आत सोडत नाही, आणि कागदाशिवाय कुंदन घरी जात नाही. अभिमननं त्याला आपलं स्टूल दिलंय. तो डबा घेऊन येतो, पाळी सुरू होताना बसतो, सुटताना उठतो. दुपारी प्रेमराज आणि बाकीचे बाहेर येऊन त्याच्याबरोबर जेवतात. त्याचा लूम मी कुणाला दिलेला नाही. कामिनी एकदा आली होती. कुंदनच्या हातात पाण्याची बाटली देऊन माझ्यासमोरून निघून गेली. मी तुम्हाला फोन केला तर तुम्ही म्हणालात, स्थानिक पातळीवर मिटवा, माणसं सांभाळायचं शिकवलंय ना तुम्हाला.

शिकवलं तुम्ही, आणि कुंदनला काढायचंही तुम्हालाच आहे. तेव्हा माझ्या तोंडाचा वापर आता बंद. कुंदन कामावर आहे की नाही? नसेल तर कुठल्या कारणानं नाही, आणि ते कारण पंखा हेच असेल तर तसा शब्द लिहा. एका कागदावर, तुमच्या हातानं, खाली तुमचं नाव आणि सही. तो उद्या सकाळीही त्या स्टुलावर येऊन बसणार आहे आणि मला विचारणार आहे. मी त्याला काय सांगू, साहेब? उत्तर द्या.